कंदिलाचा कोनाडा

मी हे सांगायला नको होतं. पंचशीला मॅडमनी बसमध्ये उभं राहून सगळ्यांना बजावलं होतं, "हे बसमधलं बसमध्येच राहू द्या. शाळेत गेल्यावर कुणाच्या तोंडून एक शब्द निघायला नको." मीही तेव्हा त्याच बसमध्ये होते, मॅडमच्या गळ्यात. म्हणजे ते मलाही लागू होतं. पण मुली वर्षभर थोडं थोडं बोलल्याच, आणि त्या जे बोलल्या ते खरं नव्हतं. खरं काय झालं ते मी एकटीनं पाहिलंय. म्हणून आज बोलतेय.

मी एक शिट्टी आहे. लातूरजवळच्या मुरुडच्या मुलींच्या शाळेतली, खेळाच्या तासाची शिट्टी. पत्र्याची आहे, वर चकचकीत मुलामा होता, तो आता तोंडाजवळ उडालाय. गळ्यात लाल दोरी आहे.

माझा जन्म कुठं झाला ते मला नीट सांगता येणार नाही. एवढं आठवतं की तिथं फार गोंगाट होता. मला वाकवलं, जोडलं, पोटात बुचाची एक गोळी टाकली, आणि एका माणसानं मला ओठांत धरून फुंकलं. तो माझा पहिला आवाज. मला वाटलं, आता हा माणूस आपल्याला जवळ ठेवील. त्यानं मला लगेच खोक्यात टाकलं आणि दुसरी उचलली.

लातूरच्या एका दुकानात मी बरेच दिवस टांगलेली होते. एका बाजूला उड्या मारायच्या दोऱ्या, दुसऱ्या बाजूला कॅरमच्या सोंगट्या. मग एक दिवस पंचशीला मॅडम आल्या. त्यांनी तीन-चार शिट्ट्या पदरानं पुसून पुसून वाजवून पाहिल्या.

दुकानदार म्हणाला, "मॅडम, सगळ्या सारख्याच वाजतेत."

"न्हाई. हिचा आवाज जरा बारीक हाय. पोरींच्या शाळेला बरा."

त्या दिवसापासून मी शाळेची झाले. एक लांब शिट्टी म्हणजे रांगेत या. दोन तुटक म्हणजे थांबा. माझ्या आवाजानं दोनशे मुली पळतात आणि दोनशे मुली थांबतात. लोकांना वाटतं शिट्टीजवळ केवढी ताकद. पण माझ्याजवळ फक्त आवाज आहे, श्वास नाही. कुणी फुंकलं तर मी वाजते, आणि ज्यानं फुंकलं त्याचंच म्हणणं वाजते. माझं स्वतःचं एकही म्हणणं मला कधी वाजवता आलेलं नाही. आधी याचं मला काही वाटत नव्हतं.

माणसांची एक सवय मी पाहिली आहे. शांत असतात तेव्हा ती मला पुसून तोंडात धरतात. रागात असली की पुसायचं विसरतात. मॅडम कधीच विसरायच्या नाहीत. एकदाच विसरल्या, ते पुढं येईलच.

गेल्या हिवाळ्यात नववीची सहल निघाली. इतिहासाचे शेषेराव सर म्हणाले, "दरवर्षी देवळं अन् धरणं बघता. या वर्षी निजाम आन् इंग्रजांच्या काळातलं काय काय आपल्या भागात उभं आहे ते बघा." मुलींची तोंडं जरा उतरली, पण दोन मुक्काम आहेत म्हटल्यावर सगळ्या खूश झाल्या. एसटीची लाल बस ठरली. साहेबराव नावाचे ड्रायव्हर होते. त्यांनी आरशाला मोगऱ्याचा खोटा हार बांधलेला होता.

पहिल्या दिवशी लातूरची गोल बाजारपेठ, गंजगोलाई, पाहून झाली. सर गोल फिरून रस्ते दाखवत होते आणि मुली बांगड्यांची दुकानं बघत होत्या. मुक्काम नांदेडला. दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये चढताना मॅडमनी मला गळ्यातून काढलं आणि सुकन्याच्या गळ्यात घातलं.

"ही तुझ्याजवळ ठेव. दुसऱ्या कुणाकडं दिली की दिवसभर वाजवत बसतेत."

सुकन्या म्हणजे वर्गातली सगळ्यात गप्प मुलगी. तिचे वडील मुरुडच्या बाजारात किराणा दुकान चालवतात. आजोबांना ती अप्पा म्हणते. त्यांचं नाव माणिकप्पा. ती हसायची ती तोंडावर ओढणी धरून. बाईंनी प्रश्न विचारला तर तिला उत्तर येत असायचं, पण ते ओठांपर्यंत येऊन परत जायचं. मी हे मैदानावरून पाहिलेलं आहे. कबड्डीत तिला कुणी शिवलं नसलं तरी "आउट" म्हटलं की ती मुकाट्यानं बाहेर जायची.

तिच्या गळ्यात मी गेले तेव्हा तिथं आधीच एक दोरा होता. त्याला चांदीची छोटी गोल डबी होती आणि डबीत तिचं इष्टलिंग. लिंगायतांच्या रीतीनं ते तिला लहानपणीच दिलेलं. रोज सकाळी अप्पांच्या शेजारी बसून ती त्याची पूजा करायची, मगच चहा प्यायची. ते अंगावरून कधी काढायचं नसतं. आंघोळीतही नाही, झोपेतही नाही. बस खड्ड्यातून गेली की मी त्या डबीवर आपटायचे आणि बारीक टण टण व्हायचं. सुकन्या आम्हा दोघींना मुठीत धरायची. तिची मूठ गरम होती.

हदगावच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडं आत, एक जुना डाकबंगला आहे. आधी तो पाहिला. छत पडलंय, पण पंख्याच्या कड्या अजून तुळईला आहेत. सर म्हणाले, "साहेब आत झोपायचा आन् बाहेर बसून एक माणूस दोरीनं पंखा ओढायचा. रातभर."

शिवांगी म्हणाली, "सर, त्याला झोप लागली तर?"

"तर साहेबाला जाग यायची."

मुली हसल्या. शिवांगी ही सुकन्याची मैत्रीण. दोघींच्या वाटणीचं ती एकटीच बोलते.

बंगल्यापासून चालत गेलं की गोऱ्या साहेबांचं कबरस्तान लागतं. चिंचेखाली बस उभी केली. कबरस्तानाला दगडी भिंत आहे आणि दोन खांब. फाटक कधीच गेलंय. उजव्या खांबात हात जाईल एवढा कोनाडा आहे. पहारेकरी तिथं कंदील ठेवत असेल, असं सर म्हणाले.

शेजारी बोरीच्या झाडाखाली एक म्हातारी शेळ्या चारत होती. तिच्या ओटीत बोरं होती.

"कोन्या गावच्या पोरी हाव तुम्ही?"

"मुरुडच्या, आजी."

"लई लांबून आल्या की माय. काय बघायला आल्या? मेलेल्या सायबाला?" ती हसली. तिचे पुढचे दात नव्हते. "घ्या, बोरं घ्या. साखराबाई म्हणतेत मला. परत आल्या की आवाज द्या, आजून देते."

सगळ्या फाटकाशी आल्या तेव्हा शिवांगी एकदम थांबली.

"ए सुकन्या, गळ्यातलं काढ. माझी आत्या म्हणती, कबरस्तानात देवाचं काही न्यायचं नसतंय."

"आमच्यात काढत नाहीत," सुकन्या हळू म्हणाली.

"मग कबरीतच नेतेत का?"

दोघीतिघी हसल्या. शिवांगीनं स्वतःचा ताईत काढला, ओढणीच्या टोकाला गाठ मारून ठेवला. "हे बघ, मी काढला. तुझं तू बघ बाई. मागून काही झालं तर म्हणू नको, सांगितलं न्हाई."

सगळ्या सुकन्याकडं बघायला लागल्या. एवढ्या जणींनी एकदम तिच्याकडं बघितलं की तिच्या कानाच्या पाळ्या लाल होतात. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. मला वाटलं आता ती बोलेल. पण तिनं मान खाली घातली आणि दोरा डोक्यावरून काढला. माझी लाल दोरी त्यात अडकलेली, म्हणून मीही निघाले. तिच्या पोशाखाला खिसा नव्हता. ओढणीच्या टोकाला बांधायचं तर ते कमरेच्या खाली लोंबणार, आणि ते तिला चालणार नव्हतं. तिनं उंच, स्वच्छ जागा शोधली. कोनाड्यातला पाला ओढणीनं झाडला आणि आम्हाला तिथं ठेवलं. ठेवताना डबी कपाळाला लावली.

मग त्या आत गेल्या. मला सरांचा आवाज ऐकू येत होता. एका दगडावरचं इंग्रजी वाचून ते सांगत होते की हा मुलगा अकरा महिन्यांचा होऊन गेला. वाऱ्यानं चिंचेचा पाला पडत होता. मी आणि डबी शेजारी शेजारी होतो. मला तेव्हा बरं वाटत होतं. कुणी मला फुंकत नव्हतं आणि कुणी पळत नव्हतं.

एक शेळी खांबाशी आली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि माझी दोरी चघळायला लागली. तिच्या ओढण्यानं दोरी डबीच्या दोऱ्यातून सुटली. साखराबाई काठी घेऊन धावली.

"हाड. हाड मेले." तिनं दोरी शेळीच्या तोंडातून सोडवली. मग कोनाड्यात डोकावली. "पोरीईनं उघड्यावर ठिवलं की हे. वढून नेलं आसतं मग?"

तिनं डबी उचलली नाही. उघडली नाही. दोन बोटांनी आम्हाला आत सरकवलं, चांगलं खोल, शेळीचं तोंड पोचणार नाही असं. माझी दोरी गोळा करून तीही आत लोटली. लोटताना दोरीचा विळखा डबीच्या खाली गेला. आणि मला दिसलं की कोनाड्याचा मागचा दगड निखळलेला आहे. तिथं काळंभोर भोक होतं. डबी त्याच्या काठाशी होती.

त्याच वेळी अक्षरा नावाची एक मुलगी पाणी प्यायला बसकडं चालली होती. तिनं साखराबाईचा हात कोनाड्यात पाहिला. एवढंच पाहिलं.

थोड्या वेळानं साहेबरावांनी हॉर्न दिला. उशीर झाला होता. मॅडम बसच्या दारातून ओरडल्या, "सुकन्या, शिट्टी कुठंय? किती वेळ? सुकन्या."

शाळेत तिच्या नावानं कुणी एवढ्या मोठ्यानं कधी हाक मारलेली नव्हती. ती पळत आली. हात आत घातला, तिच्या बोटांना माझी दोरी लागली, तिनं ओढली. आम्ही दोघी अजून एकमेकींत अडकलेल्या आहोत असंच तिला वाटलं असेल. दोरीचा विळखा डबीखालून निघाला. डबी कलली, काठावरून मागं गेली. आत कुठंतरी दगडावर टण झालं. हॉर्न चालूच होता. तिला ऐकू गेलं नाही.

मी तिच्या हातात होते. मी ओरडून ओरडून सांगत होते, थांब, मागं बघ. पण ते माझ्या पोटातल्या गोळीलाही कळलं नाही. सुकन्यानं पळता पळता मला तोंडाला लावलं आणि मॅडमनी सांगितलं होतं तशी एक लांब शिट्टी दिली. रांगेत या. बसकडं चला. सगळ्या मुली पळाल्या.

हदगाव सुटल्यावर बसमध्येच पुरीभाजीचे डबे उघडले. जेवायच्या आधी सुकन्या गळ्याशी हात नेते. तिनं नेला. तिथं मी एकटीच होते.

तिचा हात तसाच राहिला. तिनं गळ्याभोवती चाचपलं, पाठीवर चाचपलं, आसनाखाली वाकून पाहिलं. मग ती सरळ बसली आणि पुरीचा डबा झाकला. तिच्या घरी शिकवलेलं होतं की लिंगाची जागा रिकामी असेल तर घास घ्यायचा नाही, पाण्याचा घोटही नाही.

"कामून जेवना झाली?" शिवांगीनं विचारलं.

"भूक नाही."

तिनं सांगितलं का नाही, असं तुम्ही विचाराल. बस किनवटच्या रस्त्याला लागली होती. बसमध्ये अंताक्षरी सुरू होती. तिच्यासाठी सगळी बस मागं वळवायला सांगायचं, म्हणजे उठायचं, बोलायचं, आणि हे सांगायचं की मीच काढलं, माझ्याच हातानं. तिला ते जमेना. तिनं मला मुठीत धरलं होतं. मला तिच्या नखांची टोकं लागत होती.

मॅडम तिच्याजवळ येऊन बसल्या. तिच्या कानाशी लागून विचारलं, "पाळी आली का गं?"

सुकन्यानं हो म्हणून मान हलवली. ते सोपं होतं. मॅडमनी पर्समधून गोळी दिली, पाण्याची बाटली दिली. मॅडमची पाठ फिरल्यावर तिनं गोळी दप्तरात टाकली आणि बाटलीला नुसतं तोंड लावून परत दिली.

किनवटच्या अलीकडे जंगलात एक जुना रेल्वेचा दगडी पूल आहे. सगळ्या मुली खाली नदीच्या पात्रात उतरल्या, फोटो काढले. सुकन्या वर एका दगडावर बसली होती. ऊन हिवाळ्याचं होतं तरी तिचे ओठ पांढरे पडले होते. शिवांगी वर आली, तिच्या गळ्याकडं पाहिलं, आणि तिच्या शेजारी बसली.

"तिथंच राहिलं?"

सुकन्यानं हो म्हटलं.

"आन् तू तवापासून पाणी न्हाई पिली?"

"कुणाला सांगू नको."

शिवांगी उठली आणि तडक मॅडमकडं गेली. मी तिचे मनापासून आभार मानले. ज्याला बोलता येतं त्यानं बोलावं, असं मला त्या दिवशी वाटलं.

मॅडम धावत आल्या. त्या रागावल्या नाहीत. सुकन्याच्या समोर उकिडव्या बसल्या. "अगं, तेव्हाच सांगितलं असतं तर पाच मिनिटाचं काम होतं. माझ्यासमोर लाजतीस होय?" मग त्यांनी तिच्या गळ्यातून मला काढलं आणि आपल्या गळ्यात घातलं. तिचा गळा आता अगदी रिकामा झाला.

"साहेबराव भाऊ, परतीला हदगाववरून घ्या."

"भोकरवरून ठरलंय मॅडम. हदगाववरून फेरा पडतंय. नांदेडला मुक्कामाचं फाटक नऊला लावतेत, मग चाळीस पोरी घेऊन कुठं जाणार?"

"पोरीचं लिंग राहिलंय तिथं."

साहेबरावांनी सुकन्याकडं पाहिलं. हातातला तंबाखू खाली टाकला. "बसा मग. पर तिथं दहा मिनिटं. त्याच्यावर मला जमायचं न्हाई."

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य चिंचेमागं गेला होता. सुकन्या सगळ्यांच्या आधी उतरली. कोनाड्यात पाहिलं. कोनाडा रिकामा होता. सरांनी मोबाइलचा उजेड पाडला. तळाशी पाला, एक शेळीची लेंडी, कोळ्याचं जाळं. ती मनगटापर्यंत हात घालू लागली तर सर म्हणाले, "आत हात घालू नको. जुना दगड हाय, विंचू असतो." त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना ते भोक दिसत नव्हतं. उजेड समोरून पडत होता आणि भोक वरच्या दगडाच्या सावलीत होतं. मी मॅडमच्या गळ्यात, कोनाड्यापासून वीतभर लांब होते.

मग अक्षरा म्हणाली, "सर, त्या बोरंवाल्या आजीनं ह्याच्यात हात घातला होता. मी बघितलंय."

सगळ्या मुली एकदम बोलायला लागल्या. चांदीची होती ना डबी. तरीच सारखी सारखी बोरं देऊन राहिली होती. तरीच कुठल्या गावच्या विचारत होती.

साखराबाई तेव्हाच शेळ्या घेऊन घराकडं निघाली होती. मुलींना पाहून ती हसत आली. "आल्या का माय परत? बोरं पाहिजेत?"

सर म्हणाले, "बाई, इथं एक डबी होती. चांदीची. तुम्ही हात लावला होता का?"

"लावला की. शेळी वढू लागली म्हनून आत सारली. काहून? न्हाई का तिथं?"

"नाही."

साखराबाईनं सरांकडं पाहिलं, मग मुलींकडं. तिला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा तिचं हसणं हळूहळू गेलं.

"म्या घेतली म्हंता?"

"तसं म्हणत नाही. पण बघा, पोरीचा देव आहे तो."

तिनं काठी भिंतीला टेकवली. ओटी सोडली आणि झटकली. बोरं मातीत पडली, घरंगळत मुलींच्या चपलांपर्यंत आली. मग तिनं कमरेची पिशवी काढून उलटी केली. त्यात चुन्याची डबी होती, तंबाखू होता, आणि एक औषधाची गोळी कागदात गुंडाळलेली होती. पदराचं टोक सोडून दाखवलं. "बघा माय. आजून काय सोडू?"

"आजी, नका," सुकन्या म्हणाली. एवढ्या हळू म्हणाली की फक्त मला आणि मॅडमना ऐकू आलं असेल.

मॅडमनी पुढं होऊन साखराबाईचा पदर तिच्या खांद्यावर परत टाकला. "राहू द्या मावशी. जावा तुम्ही घरी." साखराबाईनं बोरं उचलली नाहीत. शेळ्यांना हाकलत ती निघून गेली.

मी तिथंच होते. मी पाहिलेलं होतं की त्या बाईनं दोन बोटांनी किती जपून डबी आत सारली. मला एक शब्द येत असता तर तो मी तिथं खर्च केला असता आणि मग आयुष्यभर मुकी राहिले असते.

साहेबरावांनी हॉर्न दिला. मुली बसकडं निघाल्या. सुकन्या मात्र परत कोनाड्याशी गेली. या वेळी ती एकटी होती आणि तिनं कुणाला विचारलं नाही. टाचा उंच केल्या आणि हात कोपरापर्यंत आत घातला. मला तिचा खांदा हलताना दिसत होता. तिची बोटं मागच्या दगडाशी पोचली असतील. अजून थोडं. काठावरून खाली वळवली की झालं.

दुसरा हॉर्न झाला. मॅडमनी बसकडं पाहिलं, अंधाराकडं पाहिलं, आणि मला तोंडाला लावलं. न पुसता.

मला वाजायचं नव्हतं. पण शिट्टीला ते ठरवता येत नाही. मी वाजले, एक लांब शिट्टी. त्यात मॅडमचा श्वास तुटत होता, तरी आवाज स्वच्छ निघाला. आणि सुकन्या ही अशी मुलगी आहे की शिट्टी झाली म्हणजे ती येते. तिनं हात बाहेर काढला. बोटांना जाळं लागलं होतं. ते ओढणीला पुसत ती रांगेत येऊन उभी राहिली.

बसमध्ये मॅडमनी तिच्या घरी फोन लावला आणि अप्पांना सगळं सांगितलं. मग फोनचा आवाज मोठा करून तिच्यासमोर धरला.

"सुकू, तुला कुणी सांगितलं काढायला?" अप्पांचा आवाज घोगरा होता.

शिवांगी खिडकीकडं तोंड करून बसली.

"कबरस्तानात न्यायचं नसतं म्हणाले का? अगं खुळे, आपण आपल्या माणसाला लिंगासकट मातीत ठेवतो. तुझ्या आजीला कसं ठेवलं, तू बघितलंस की. हातात होतं तिच्या. मातीला भ्यायचं आपल्यात नाही." ते थांबले. "पाणी पी आधी. आल्यावर स्वामींकडं जाऊ. दुसरं देतील. पण पोरी, ती बाई कोण म्हणाल्या मॅडम? तिला काही बोललात का?"

सुकन्यानं बाटली घेतली आणि दोन घोट पाणी प्याली. ते उतरताना मला तिच्या घशाचा आवाज ऐकू आला. त्यानंतर मॅडम उठून ते बसमधलं बसमध्येच राहू द्या म्हणाल्या. मुख्याध्यापकांना कळलं तर पुढच्या सहली बंद होतील, ही एक भीती. दुसरी भीती साखराबाईच्या त्या झटकलेल्या ओटीची होती, असं मला वाटतं. ते कुणी परत सांगू नये, असं त्यांना वाटलं असेल.

आता वर्ष झालं. स्वामींनी सुकन्याला दुसरं लिंग दिलं. डबी नवी आहे, पितळेची. त्या बाबतीत तिचं सगळं ठीक आहे. पण शाळेत "बोरंवाली" हा शब्द तयार झालाय. कुणाची पेन्सिल हरवली की मुली म्हणतात, बोरंवाली आली असेल. ज्या सहलीला गेल्याच नव्हत्या त्याही म्हणतात. एकदा सुकन्या म्हणाली, "तिनं घेतलं नसेल." अक्षरानं विचारलं, "मग गेलं कुठं?" सुकन्याकडं उत्तर नव्हतं. ते माझ्याकडं होतं, आणि मी खिळ्याला टांगलेली होते.

खेळाच्या खोलीत मी असते. लेझीम, तुटका हातोडा, हवा गेलेला फुटबॉल आणि मी. कधी सुकन्या मला घ्यायला येते. घेतल्यावर लगेच जात नाही. मला तळहातावर ठेवून बघत राहते. तेव्हा मला वाटतं, तिला आठवेल, दोरी ओढली तेव्हा काहीतरी अडखळलं होतं. तिला काहीतरी जाणवलेलं असणारच. पण मग घंटा होते.

आज मैदानात परत लाल बस उभी आहे. नव्या नववीची सहल आहे. सर म्हणत होते की रस्ता तोच आहे, पण त्या कबरस्तानाशी थांबायचं नाही, तिथली माणसं बरी नाहीत. हे त्यांनी दाराशी उभं राहून सुकन्यासमोर सांगितलं. ती दहावीत आहे, ती जाणार नाही. ती तिथंच उभी होती, आणि पुन्हा तिच्या ओठांवर काहीतरी येऊन परत गेलं.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही कधी हदगावच्या बाजूला गेलात तर मोठ्या रस्त्यावरून आत वळा. लिंगासाठी नाही, ते तिला मिळालंय. साखराबाई अजून तिथंच शेळ्या चारत असेल. तिच्यासमोर ती डबी काढा, एवढंच माझं मागणं आहे. चार लोकांना बोलवून काढा. फाटकाच्या उजव्या खांबात कोनाडा आहे. मोबाइलचा उजेड समोरून पाडू नका, काही दिसत नाही. हात आत घाला, मागचा दगड लागेल, तो निखळलेला आहे. तिथून बोटं खाली वळवा. एक दगड आडवा लागेल, तिथं थांबू नका, डबी त्याच्याही खाली गेली, मी आवाज ऐकलाय. त्या आडव्या दगडाच्या डाव्या अंगानं हात

"सुकन्या, शिट्टी आण गं, बस निघाली."

थांबा, ती आलीच, मला काढतेय. त्या दगडाच्या डाव्या अंगानं हात खाली घातला की तिथं